पीपीएफचे व्याज कॅनडात करमुक्त आहे का?

प्रश्न : गेल्या वर्षी नोकरीनिमित्त मिसिसागाला आलो. भारतातल्या पीपीएफचे व्याज इथे दाखवायचे का?

उत्तर : हो, दाखवावेच लागेल. कॅनडाचा रहिवासी जगभरच्या उत्पन्नावर कर भरतो. भारतातली सूट इथे चालत नाही. अनेकजण इथेच फसतात.

शिवाय भारतातल्या ठेवी, शेअर, भाड्याने दिलेला फ्लॅट यांची मिळून किंमत १,००,००० कॅनेडियन डॉलरच्या वर असेल, तर टी११३५ फॉर्म भरावा लागतो. किंमत म्हणजे तुम्ही रहिवासी झालात त्या दिवशीचा बाजारभाव; तो आजच लिहून ठेवा. पहिल्या वर्षी सवलत आहे, दुसऱ्यापासून नाही. उशिराला दररोज २५ डॉलर दंड, कमाल २,५००.

सल्लागार नेमताना त्याने हा फॉर्म पूर्वी भरला आहे का, हे आधी विचारा.