दुसरी लिंक चालू होती, तरीही

दोन शहरांत दोन राउटर आणि मध्ये दोन स्वतंत्र फायबर. एक तुटली तर दुसरी आहेच, म्हणून सगळे निर्धास्त होते. रस्त्याच्या खोदकामात पहिली तुटली आणि सगळी वाहतूक थांबली. शो आयपी बीजीपी समरी घेतली, तर शेजाऱ्यासमोर ‘ॲक्टिव्ह’, म्हणजे सेशन नाहीच, राउटर नुसता धडपडतोय. दुसऱ्या लिंकवरून पिंग मात्र व्यवस्थित जात होतं.

कारण कॉन्फिगमध्ये होतं. नेबर म्हणून पहिल्या लिंकच्या इंटरफेसचाच पत्ता दिलेला होता. इंटरफेस पडला, पत्ता गेला आणि त्यावर उभं असलेलं टीसीपी सेशनही गेलं. दुसरी लिंक बीजीपीच्या खिजगणतीतच नव्हती.

म्हणून आयबीजीपी लूपबॅकवरच बांधा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. लूपबॅकला केबल नसते. राउटर चालू आहे आणि कुणी लूपबॅक मुद्दाम शट केलेला नाही, तोवर तो उभाच असतो. त्याला /३२ पत्ता द्या, तो ओएसपीएफमध्ये घाला, नेबर म्हणून तोच लिहा आणि अपडेट-सोर्स लूपबॅक ० ही ओळ दोन्हीकडे टाका. दोन्हीकडे, हे महत्त्वाचं. ती एकाच बाजूला असली तरी सेशन बहुतेकदा उभं राहतं, कारण ती बाजू स्वतःहून १७९ पोर्टवर जोडणी करते. त्यामुळे उणीव दिसतच नाही. पुढे कधी तो राउटर बदलला आणि तिथेही ओळ टाकायची राहिली, की रात्रभर शोधाशोध.

सिस्कोवर बीजीपीचा मूळ होल्ड टाइम १८० सेकंद असतो आणि इथरनेटवर ओएसपीएफचा डेड इंटरव्हल ४०. फायबर मधल्याच एखाद्या स्विचपलीकडे तुटली आणि आपल्या पोर्टचा दिवा हिरवा राहिला, तरी ओएसपीएफ ४० सेकंदांत वाट बदलतो आणि सेशन टिकतं. तेवढा वेळ वाहतूक मात्र वाया जाते. ते परवडत नसेल तर बीएफडी लावाच.

ईबीजीपीत जास्त जपायला हवं. तिथे टीटीएल मुळात १ असतो आणि शेजारी थेट जोडलेला असावा लागतो, त्यामुळे लूपबॅकसाठी ईबीजीपी-मल्टिहॉप २ द्यावं लागतं. कुठून तरी उचललेलं २५५ कृपा करून ठेवू नका. दोन्ही लिंक गेल्या तरी सेशन एखाद्या लांबच्या वाटेने टिकून राहील आणि बिघाड झाकला जाईल. शेजाऱ्याच्या लूपबॅककडे जाणारा स्टॅटिक रूटही पोर्ट वर असेतो हलत नाही. दोन लिंकवर दोन स्टॅटिक असतील, तर काही पॅकेट मेलेल्या लिंकवर जातच राहतात.

आणि शेजाऱ्याचा लूपबॅक ओएसपीएफमधून शिकत असाल, तर तोच पत्ता त्याच्याकडून ईबीजीपीने घेऊ नका. ईबीजीपीचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अंतर २०, ओएसपीएफचं ११०. ईबीजीपीचा मार्ग जिंकतो आणि शेजाऱ्याकडे जायची वाट शेजाऱ्यातूनच निघते. सेशन पडतं, मार्ग जातो, सेशन पुन्हा उठतं, पुन्हा पडतं. येणाऱ्या प्रीफिक्स-लिस्टमध्ये तो /३२ पहिल्याच दिवशी नाकारा.