आकडे जुळत नाहीत, कारण मोजणी एक नाही

प्रश्न : आम्ही तीन मित्र जामखेड, कर्जत आणि पुण्यातून लिनक्सवर ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचा वेग तपासतो. आकडे अजिबात जुळत नाहीत. कोणाचे खरे मानायचे?
– एक वाचक, जामखेड

उत्तर : तिघांचेही खरे असतील. हार्ड डिस्क विखुरलेली वाचनं सेकंदाला शे-दोनशेच करते, एसएसडी हजारोंनी करते. म्हणून एकाच्या आकड्याशी दुसऱ्याचा आकडा ताडू नका. प्रत्येकाने आपल्या एकाच डिस्कच्या एकाच पार्टिशनवर तिन्ही फाइल सिस्टिम आळीपाळीने बसवाव्यात आणि गुणोत्तरं एकमेकांना कळवावीत.

येन्स आक्सबो यांच्या ‘फिओ’ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमची एकच जॉब फाइल तिघांनी वापरा. चाचणीची फाइल रॅमच्या किमान दुप्पट ठेवा, नाहीतर डिस्कऐवजी रॅमचाच वेग मोजला जातो. कर्नलची आवृत्ती, माउंटचे पर्याय, डिस्क किती भरलेली होती हे आकड्यांसोबत लिहाच. प्रत्येक चाचणी पाच वेळा घ्या. मधला आकडा द्या, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्तही द्या.

बीटीआरएफएसवर ‘नोडेटाकाऊ’ हा माउंटचा पर्याय लावून वेग वाढला, तर त्या फाइलींचे, डेटा बिघडला का हे दाखवणारे चेकसमही बंद झालेले असतात. असा निकाल वेगळा नोंदवा. आपल्याकडे वीज कधीही जाते, त्यामुळे ‘एफसिंक’सह, म्हणजे डेटा डिस्कवर पोचल्याची खात्री करत, लिहिण्याची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती वगळून काढलेला वेग दुकानाच्या हिशेबाच्या संगणकासाठी प्रमाण मानू नका.

आणि सुरुवातीआधी बॅकअप घ्या. फॉरमॅट केलं की पार्टिशनवरचा डेटा जातो.