शेरू गुरगुरतो तेव्हा

चि. सोनूस,


तुझ्या आईचा फोन आला होता. शेरूच्या ताटलीजवळ कुणी गेलं की तो गुरगुरतो, परवा सोफ्यावरून खाली ओढताना त्यानं तुझ्या मनगटावर दात उमटवले, आणि तुझे बाबा म्हणतात, एकदा चांगला चोप दिला की ताळ्यावर येईल. त्या चोपामुळेच हे पत्र तातडीनं लिहिते आहे.

आधी मनगट. रक्त आलं होतं ना? शेरूला लस दिलेली आहे हे मला ठाऊक आहे, तरी आजच डॉक्टरांकडे जा आणि ते सांगतील ती इंजेक्शनं वेळेवर पुरी कर. पुन्हा कधी दात लागलाच, तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना काही भरायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून यात हयगय नको.

आता शेरूविषयी. गुरगुरणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. त्याआधी तो किती परीनं सांगून पाहतो, ते नीट निरखून बघ. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसू लागतं, क्षणभर सगळं अंग ताठ होतं. एवढ्यानंही समोरचा मागे सरला नाही, की मग गुरगुर. त्या गुरगुरीबद्दल मार बसला, तर त्याची भीती तशीच राहते आणि इशारा तेवढा बंद होतो. पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावेल, आणि सगळे म्हणतील, काही कारण नसताना चावला.

‘मालक कोण ते दाखवून द्यायचं’ ही बाबांची कल्पना कुठून आली तेही सांगते. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या झटापटींवर लिहिलं. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकानं ‘अल्फा’, म्हणजे झटापटीतून कळपाचा मालक बनणारा लांडगा, ही कल्पना घरोघरी नेली. त्याच डेव्हिड मीच यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. बाबांना हे वाचून दाखव.

इतकी वर्षं लाडात वाढलेला कुत्रा एकाएकी अंगावर येऊ लागला, की मी आधी दुखणं शोधते. ओढताना तू त्याला कमरेशी धरलं असशील. शेरूसारख्या लॅब्राडोरच्या खुब्यात दोष निघणं नवं नाही. लोंबत्या कानांत आत जखम चिघळते, दाढ दुखते. गुरांच्या-कुत्र्यांच्या डॉक्टरांना हे सगळं तपासायला सांग. तो कुठे हात लावल्यावर गुरगुरतो ते लिहून ने. एक्स-रे लागला, तर साताऱ्याहून शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. आपल्या घरातली वेदनाशामक गोळी मात्र त्याला चुकूनही देऊ नकोस. आपल्याला चालणारी कितीतरी औषधं कुत्र्याला विषासारखी बाधतात.

दुखणं नसेल, तर त्याला हिसकावून घेतलं जाण्याची धास्ती आहे. ताटलीत हात घालून सवय लावायची म्हणतात, त्यानं धास्ती वाढते. उलट कर. तो खात असताना लांबूनच उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाकायचा आणि निघून जायचं. तू येताना दिसलास की शेपूट सैल हलू लागेल, मग एक पाऊल जवळ. ताठरला, तर पुन्हा मागे. तोंडात मोजा सापडला, तर त्याहून चांगलं काही दाखवून अदलाबदल कर. सोफ्यावरून उतरवायला पट्टा धरू नकोस, खाली खाऊ टाक आणि हाक मार. हे महिनोन्महिने चालेल आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीनं केलं तरच जमेल.

छोट्या ईशूची मला जास्त काळजी आहे. ती त्याच्या गळ्यात पडते, ते तिच्या लेखी प्रेम असतं; कोंडीत सापडल्यासारखं त्याला वाटतं. तिला आणि शेरूला एकटं ठेवायचं नाही, अगदी दोन मिनिटंसुद्धा. त्याचं जेवण बंद दाराआड. दवाखान्यात नेण्याआधी जाळीचं मुसकं आण, ज्यात त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. आत खाऊ ठेवून त्यालाच तोंड घालू दे, लगेच बांधू नकोस.

विजेचा झटका देणारा पट्टा सुचवणारा प्रशिक्षक भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठव.

डॉक्टर काय म्हणाले ते रात्री फोनवर सांग. बाबांनाही जवळ बसव, मला त्यांच्याशीही बोलायचं आहे.

तुझी,
आत्या