कलेक्टरच्या वर कोण?

प्रश्न : गावात तलाठी येतो, शिरूरला तहसीलदार बसतात आणि फारच मोठं काम असलं की पुण्याची कलेक्टर कचेरी गाठावी लागते. पण कलेक्टर झालेला माणूस पुढे काय करतो? आयुष्यभर कलेक्टरच राहतो का?
– एक वाचक, निमोणे (ता. शिरूर)

उत्तर : नाही. आपल्याला कलेक्टर म्हणजे शेवटचं टोक वाटतं. पण आयएएस अधिकारी बहुधा नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतच कलेक्टर होतो. सुरुवातीला प्रांत, मग जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी, मग जिल्हाधिकारी. त्यापुढे विभागीय आयुक्त. पुण्याच्या आयुक्तांकडे पुण्यासह सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. मंत्रालयात सचिव, प्रधान सचिव, अपर मुख्य सचिव आणि सर्वांत वर मुख्य सचिव. दिल्लीची वाट धरली तर सहसचिव, सचिव आणि शेवटी कॅबिनेट सचिव.

ही वाट कुठवर जाते, हे राम प्रधान यांच्याकडे पाहिलं की कळतं. ते आयएएसच्या 1952 च्या तुकडीचे. चीन युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा प्रधान त्यांचे खासगी सचिव झाले. पुढे महाराष्ट्राचे मुख्य सचिव आणि 1985 मध्ये देशाचे गृहसचिव. त्या वर्षीच्या आसाम करारावर त्यांची सही आहे.

नोकरीचा त्यांचा शेवटचा दिवस होता 30 जून 1986. त्या काळी निवृत्तीचं वय 58 होतं. आज ते 60 आहे. निरोपाचा हार घालून घरी जायचं, त्या दिवशी प्रधानांनी मिझोराम करारावर केंद्र सरकारच्या वतीने सही केली. समोर सही करणारे होते लालडेंगा, 1966 पासून सशस्त्र बंड चालवणाऱ्या मिझो नॅशनल फ्रंटचे नेते. वीस वर्षांचं बंड थांबलं, आणि 20 फेब्रुवारी 1987 रोजी मिझोराम स्वतंत्र राज्य झालं. प्रधान नंतर अरुणाचल प्रदेशचे राज्यपाल झाले. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती.

गंमत अशी, की कलेक्टरचं नाव जिल्हाभर माहीत असतं, गृहसचिवाचं शेजारच्याला ठाऊक नसतं. पायरी चढत जावी तसा माणूस दिसेनासा होतो आणि त्याच्या सहीचा पल्ला वाढतो.

तुमच्या घरात कोणी आयएएसच्या परीक्षेचा विचार करत असेल, तर कोणत्याही शाखेची पदवी चालते. फक्त त्याला एवढं सांगा : लाल दिवा गेला, सही तेवढी राहिली.