पिशवी गेली कुठे?

१९८२ साली युरेका फोर्ब्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे विक्रेते घरोघरी जाऊन व्हॅक्यूम क्लीनर चालवून दाखवत. आमच्या अब्बांनी मात्र दुसऱ्या एका कंपनीचे यंत्र दुकानातून आणले, तेही अम्मींसाठी. अम्मींना दमा आहे. झाडूने उडालेली धूळ त्यांना सोसत नाही.

ते यंत्र वीस वर्षे चालले. यंदा त्याची मोटर जळली, म्हणून आम्ही त्याच नावाचे नवे यंत्र आणले. तोच गोल आकार, तीच लांब नळी, तीच चाके. फक्त आतली कापडी पिशवी नव्हती. तिच्या जागी पारदर्शक डबा होता.

“दादी, आता पिशवी बदलायला नको!” माझी मुलगी आनंदाने म्हणाली.

“आधी परीक्षा घेऊ,” अम्मी म्हणाल्या.

आमचे जूचंद्र हे रांगोळी कलावंतांचे गाव. शेजारच्या वहिनींनी मूठभर लाल रांगोळी दिली. मुलीने ती सतरंजीवर पसरली. यंत्राने क्षणात सगळी ओढून घेतली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मुलीने डब्याचे झाकण उघडले, तोच लाल धूळ उडाली. अम्मींनी ओढणीने नाक झाकले.

मी मुलीला एक हकीकत सांगितली. अमेरिकेत जेम्स स्पँगलर नावाचे गृहस्थ एका दुकानात झाडलोट करीत. त्यांनाही दमा होता. १९०७ साली त्यांनी पंख्याची मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवले. अभ्र्यातून हवा बाहेर जाई, धूळ आत राही. हीच आपल्या पिशवीची सुरुवात.

“मग पिशवी काढली कशाला?” मुलीने विचारले.

“पिशवीची छिद्रे धुळीने बुजतात आणि यंत्राची ओढ कमी होते. इंग्लंडमधील जेम्स डायसन यांनी हवा वेगाने गोल फिरवून धूळ वेगळी केली. त्यासाठी त्यांनी पाच हजारांहून अधिक नमुने बनवले. १९९३ साली त्यांचे बिनपिशवीचे यंत्र इंग्लंडच्या बाजारात आले.”

मुलगी विचारात पडली. रविवारी तिने नाकाला रुमाल बांधला आणि डबा अंगणात नेला. डब्याच्या तोंडावर तिने कागदी पिशवी घट्ट धरली आणि मगच डबा उलटा केला. धूळ उडाली नाही.

अम्मी खिडकीतून पाहत होत्या. त्या हसून म्हणाल्या, “बघ बेटी, शेवटी पिशवी लागलीच!”

शब्दार्थ
सोसणे – सहन करणे
पारदर्शक – ज्यातून आरपार दिसते असे
अभ्रा – उशीची खोळ
बुजणे – बंद होणे

स्वाध्याय
१. स्पँगलर यांनी कोणत्या वस्तू जोडून यंत्र बनवले?
२. पिशवीचा एक फायदा व एक तोटा लिहा.
३. तुमच्या घरी आलेल्या एखाद्या नव्या वस्तूत काय बदलले व का, ते पाच वाक्यांत लिहा.