गिरनारच्या पायऱ्यांवर पृथ्वीगुरूचा पाठ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



चोवीस गुरूंच्या अभ्यासात या आठवड्यात पहिला गुरू, पृथ्वी. अवधूत आणि यदुराजाचा हा संवाद भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या अध्यायापासून आहे. पृथ्वीकडून क्षमा शिकावी, हे आपल्याला पाठच आहे. पण तिथेच डोंगर आणि झाडही येतात, आणि ते वाचताना आपण भरभर पुढे जातो. ही पृथ्वीचीच रूपं. त्यांचं सगळं असणं दुसऱ्यासाठी. तेवढं त्यांच्याकडून घ्यावं, असं अवधूत सांगतो.

आम्हीही पुढेच गेलो होतो. वैशाखात बडोद्याहून आम्ही नऊ जण गिरनारला गेलो. सुमारे १०,००० पायऱ्या, म्हणून रात्री २ वाजताच भवनाथ तळेटीहून निघालो. उन्हाळ्यात सागाचं रान पानं गाळून बसलेलं, दिवसा सावली नावाला नाही. तरी थांबत थांबत अंबाजी गाठेपर्यंत ८ वाजले. थोडं पुढे गेलो आणि आमच्यातल्या एक काकू मटकन खाली बसल्या. डोकं गरगरतंय म्हणाल्या. ओला पंचा मानेवर ठेवला, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं.

"मी इथूनच हात जोडते, तुम्ही जाऊन या."

कोणी थांबायचं? खरं सांगतो, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. समोर गोरखनाथाचं शिखर, सगळ्यांत उंच. ते ओलांडून खाली उतरायचं आणि मग दत्तशिखर चढायचं. पायऱ्या तापायला लागलेल्या. शेवटी आम्ही तिघं थांबलो, पण मनात धुसफूस होतीच. इतक्या लांब येऊन पादुका नाहीत!

तेवढ्यात सरबतवाल्याने आपल्या गोणपाटाखालची जागा काकूंना करून दिली, स्वतः उन्हात उभा राहिला. पाण्याचे पैसे घेईना. त्या डोंगरावर पाणीसुद्धा कुणाच्या तरी खांद्यावरून चढतं, हे आमच्या नंतर लक्षात आलं. आम्ही मात्र तासभर घड्याळच बघत होतो.

काकू आता ठणठणीत आहेत. मार्गशीर्षात पुन्हा जायचं म्हणतात, या वेळी अंबाजीपर्यंत रोपवेने. २०२० पासून ती सोय आहे. वयस्कर मंडळींनी त्यात कमीपणा मानू नये.

पुढच्या गुरुवारी वायू. तोवर सातवा अध्याय घरात सगळ्यांनी मिळून, सावकाश वाचून ठेवावा.