'लुक'च्या पुढचा शब्द ऐका
यवतमाळ जिल्ह्यातून परदेशी येणाऱ्यांसाठी, आधी येऊन रुळलेल्या घरांकडून

लंडनमध्ये दुकानात शिरलात की कोणीतरी हसून विचारेल, 'आर यू बीइंग लुक्ड आफ्टर?' तुमची काळजी घ्यायला घरी कोणी आहे का, अशी ही चौकशी नव्हे. दुसरा कोणी विक्रेता तुमच्याकडे बघतोय का, एवढंच विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं. काही घ्यायचं नसेल तर 'जस्ट लुकिंग, थँक्स' म्हणा आणि खुशाल फिरा. आपल्याकडे कापडाच्या दुकानात गादीवर बसून ढीगभर साड्या उलगडायला लावल्या की रिकाम्या हाताने उठायची भीड वाटते. इथे ती बाळगायचं कारण नाही.

हे टिपण दारव्हा, दिग्रस, उमरखेड, वणी, पांढरकवडा अशा गावांतून येऊन ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेत स्थिरावलेल्या घरांशी बोलून केलं आहे. यातले बहुतेक जण इंग्रजी पाचवीपासून शिकले; राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. घरी वऱ्हाडी, काहींच्या घरी गोरमाटी किंवा कोलामी, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात हिंदी, आणि त्यानंतर कधीतरी इंग्रजी. तेव्हा चौथ्या-पाचव्या भाषेत अडखळलं तर लाज कसली? व्याकरण आपलं कच्चं नसतं. काळ सरांनी छडी घेऊन पाठ करून घेतलेले असतात. अडतं ते क्रियापदामागून येणाऱ्या आफ्टर, फॉर, इनटू, ओव्हर अशा चिमुकल्या शब्दांपाशी. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा इंग्रजी कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलं आहे की परक्या माणसाला सगळ्यात जड जातात ती हीच जोडक्रियापदं. म्हणजे तक्रार जुनी आहे आणि खुद्द कोशकाराची आहे.

यादी करून पाठ करू नका. आमच्यापैकी अनेकांनी परीक्षेसाठी अशा याद्या घोकल्या आणि कामावर पहिल्या आठवड्यात त्यातलं एकही तोंडात आलं नाही. जे वाक्य जिथे ऐकू येतं तिथेच ते धरा.

नर्सिंगला किंवा वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामाला आलात तर पहिली गाठ 'लुक आफ्टर'शी. पाळी बदलताना आधीची नर्स सांगते, 'यू आर लुकिंग आफ्टर रूम्स फोर टू नाइन.' चार ते नऊ या खोल्यांतल्या माणसांची जबाबदारी आता तुमची: औषध, जेवण, कूस बदलणं, नोंदी, सगळं. त्याच दमात ती म्हणेल, 'अँड कुड यू लुक इन ऑन रूम टेन?' इथे जबाबदारी तुमची नाही. जाता-येता डोकावून माणूस बरा आहे ना, एवढं पाहायचं. आणि 'कीप ॲन आय ऑन हिम' म्हणाली तर वारंवार लक्ष ठेवायचं, काही वेगळं दिसलं की कळवायचं. मराठीत तिन्हींना आपण 'जरा बघशील' म्हणून मोकळे होतो. इथे फरक कामाचा आहे, आणि काही चुकलं तर जाब कोणाला द्यायचा, त्याचाही. शंका आली तर तिथल्या तिथे विचारा. त्यात कोणी कमीपणा मानत नाही.

'लुक फॉर' म्हणजे शोधणं. 'आय ॲम लुकिंग आफ्टर अ जॉब' असं म्हणणारे आपल्याकडून दर वर्षी येतात आणि ऐकणारा सभ्यपणे हसू दाबतो, कारण त्याला ऐकू येतं की हा नोकरीला जेवू घालतोय.

ऑफिसातलं 'वी आर लुकिंग इनटू इट' आपल्याला फार लवकर कळतं, कारण 'बघतो, करतो' ऐकत आपण मोठे झालो. फरक एवढाच की इथे ते बहुतेकदा खरं असतं; कोणीतरी खरोखर चौकशी करत असतं. पण तारीख त्या वाक्यात नसते. म्हणून नम्रपणे विचारा, 'व्हेन शुड आय एक्स्पेक्ट टू हिअर बॅक?' घरमालक असो की बँक, उत्तर लेखी मागा. ज्यांनी मागितलं नाही, त्यांचा गळका नळ महिनाभर 'लुक इनटू' होत राहिला.

पत्र संपवताना 'लुक फॉरवर्ड टू' सगळेच लिहितात आणि निम्मे चुकवतात. 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' नव्हे; 'टू मीटिंग यू'. या 'टू'मागे नाम येतं किंवा '-इंग' लागलेलं रूप. हे न चुकता लिहिणारा उमेदवार उठून दिसतो, असं निवड समितीत बसणारे आपलेच लोक सांगतात. दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. आपण बसची वाट पाहतो, निकालाची पाहतो, पावसाची तर पेरणी झाल्यावर जीव मुठीत धरून पाहतो. 'लुक फॉरवर्ड' एवढं सोसत नाही; त्यात आनंदच हवा. सहकाऱ्याच्या वडिलांचं ऑपरेशन असेल तर 'लुकिंग फॉरवर्ड टू युअर फादर्स ऑपरेशन' चुकूनही लिहू नका. 'होप इट गोज वेल' पुरेसं आहे.

आता खास आपल्या वऱ्हाडीचा खड्डा. 'पाहून रायलो' हे आपल्या जिभेवर इतकं बसलेलं की इंग्रजीत 'आय ॲम सीइंग' आपोआप बाहेर पडतं. घरी स्थळं बघणं चालू असतं आणि मुलगा कँटीनमध्ये सांगतो, 'माय पेरेंट्स आर सीइंग अ गर्ल.' टेबलावर शांतता. इंग्रजीत कोणाला 'सीइंग' असणं म्हणजे प्रेमप्रकरण चालू असणं. आई-वडिलांचं काय मत झालं असेल, तुम्हीच ठरवा. म्हणा, 'दे आर लुकिंग फॉर अ मॅच फॉर मी.' तसंच 'काय पाहून रायला बे?' हे आपल्याकडे दोस्ताला सहज विचारतो. पण अनोळखी माणसाला 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' म्हटलं की ते भांडणाचं आमंत्रण होतं. आणि डॉक्टरला 'दाखवायचं' नसतं. 'आय नीड टू सी अ डॉक्टर'.

शब्द कुठे तोडायचा याचा नियम लहान आहे. 'लुक अप' म्हणजे कोशात किंवा फोनवर शोधून काढणं. मध्ये 'इट' बसतं: 'लुक इट अप'. 'लुक ओव्हर'चंही तसंच. पण आफ्टर, फॉर, इनटू, ॲट यांना 'लुक'पासून तोडून मध्ये 'इट' घालता येत नाही. 'लुक हिम आफ्टर' कानाला टोचतं.

'सी यू लेटर' म्हणणारा संध्याकाळी घरी येणार नाही. चहा मांडून बसलेली कुटुंबं आमच्यात आहेत. घरातून निघताना 'येतो' म्हणणाऱ्या माणसाला खरं तर हे लगेच कळायला हवं.

रस्ता ओलांडताना लंडनमध्ये फुटपाथच्या कडेशी डांबरावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं: 'लुक राइट', कुठे 'लुक लेफ्ट'. ते उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशांतून आलेल्यांच्या फार कामाचं; आपली वाहतूकही डावीकडूनच, त्यामुळे मान आधी उजवीकडे वळायची सवय तिथे जुळते. खरा धोका टोरंटो, न्यू जर्सी, बर्लिनला. तिथे पहिली गाडी डावीकडून येते आणि जमिनीवर आठवण करून द्यायला कोणी काही लिहीत नाही. मुलांना पहिल्या दिवसापासून दोन्हीकडे पाहायला लावा. आणि कोणी 'लुक आऊट!' ओरडलं तर बाहेर पाहू नका, जागच्या जागी थांबा. ती धोक्याची हाक आहे.

शेवटी 'ओव्हरलुक'. वरिष्ठ म्हणाले 'प्लीज लुक ओव्हर द रिपोर्ट', तर अहवाल वाचून काढायचा. 'आय ओव्हरलुक्ड द रिपोर्ट' असं उत्तर दिलंत तर तो नजरेतून सुटला, अशी कबुली झाली. देखरेख म्हणायची असेल तर 'ओव्हरसी'. घर शोधतानाही 'ओव्हरलुक' भेटतो. 'ओव्हरलुक्स द पार्क' म्हणजे खिडकीतून बाग दिसते. त्याचे जास्त पैसे लावतात. ब्रिटिश जाहिरातीत मात्र 'गार्डन नॉट ओव्हरलुक्ड' असं कौतुकाने लिहिलेलं असतं: शेजारच्या कोणत्याही खिडकीतून तुमचं परसदार दिसत नाही. उन्हाळ्यात तिथे वडे-पापड वाळत घालायचे असतील, तर या ओळीवर बोट ठेवून दलालाला दोनदा विचारा, आणि जागेवर जाऊन वरच्या खिडक्या मोजा.